खांबाजवळच्या रेघा

ओली शाई खोडायची नसते. वाळू द्यायची, मग ब्लेडचा अर्धा तुकडा आडवा धरून खरवडायची. कागदाला कळता कामा नये.

*

चादरीवरच्या एका मोराला चार हजार दोनशे चौकोन लागतात. पिसारा मिटलेला असेल तर थोडे कमी.

*

शेंगाचटणीच्या तेलाचा डाग कागदावरून जात नाही. पावडर लावा, खडू घासा, इस्त्री फिरवा. फिका होतो, पण पसरतो.

*

मधल्या मारुतीच्या चौकात विजेच्या एका खांबावर निळ्या रंगात आकडा होता, ४१७. आता तो खांब नाही.

*

माझे वडील मला कधी "बस" म्हणाले नाहीत. "नीट बस" म्हणाले.

*

हे मी शाईच्या पेनाने लिहिते आहे आणि काहीही खोडायचं नाही असं ठरवलं आहे. चुकलं तर शेजारी दुसरी रेघ ओढेन. येमुल तसंच करायचे.

*

"खांब वाकडा आहे."

हे मी येमुलांशी बोललेलं पहिलं वाक्य. साल सत्याऐंशी, जून महिना, गुरुवार, संध्याकाळचे पावणेसहा. शरणप्पाच्या हॉटेलासमोर बंद दुकानाच्या पायरीवर एक माणूस मांडीवर पुठ्ठा घेऊन बसला होता आणि पुठ्ठ्यावरच्या कागदावर आख्खा चौक उतरत होता. मी ऑफिसातून घरी चालले होते. थांबायचा विचार नव्हता. थांबले.

माणूस उंच होता. नाही. बसलेला होता, उंची कशी कळणार? मान लांब होती. वय पंचेचाळीसच्या आसपास. हातात पेन्सिलीचं बोटभर थोटूक, तेही चाकूनं तासलेलं.

त्यानं वर न बघता उत्तर दिलं, "खांब सरळ आहे बाई. मी वाकडा बसलोय."

"मग सरळ बसा की."

"सरळ बसलो तर शरणप्पाच्या म्हशी दिसत नाहीत."

समोरून शरणप्पा ओरडला, "माझ्या म्हशी नाहीत त्या! गिऱ्हाईक पळवू नका माझं."

माणसानं आता वर पाहिलं. माझ्याकडे नाही. माझ्या काखेतल्या पत्र्याच्या नळीकडे. त्या नळीत मी ऑफिसचे नकाशे घालून न्यायचे, घरी बसून उरलेलं काम करायला; नळी जड असली की वळसा घालून या चौकातून बस धरायचे.

"नळी आज जड दिसते," तो म्हणाला.

"आज म्हणजे?"

"काही नाही. चहा घेणार?"

मी रस्त्यात कुणाबरोबर चहा घेत नसे. त्या दिवशी बशीतून घेतला, उभ्यानं.

*

मी ट्रेसर होते. नगररचनेच्या कचेरीत दुसऱ्यांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशांवर शाई फिरवायची आणि शाई वाळली की खालची पेन्सिल खोडून टाकायची, एवढं माझं काम. आमचे हेड ड्राफ्ट्समन तडवळकर साहेब मी रुजू झाले त्याच दिवशी मला म्हणाले होते, "बिराजदार बाई, पेन्सिल दिसली की खोडा. वरच्या लोकांना पेन्सिल दिसली की वाटतं काम बाकी आहे."

अकरा वर्षं मी पेन्सिल खोडत होते. माझी रेघ पूर्ण कचेरीत नावाजलेली. तडवळकर साहेब नव्या पोरांना माझी शीट दाखवायचे. "ही बघा. कुठं सुरू झाली, कुठं संपली, सांगा."

आई लवकर गेली, वडील त्र्याऐंशी साली. भाऊ पुण्याला. वडिलांनी माडीवरची जी खोली मला दिली होती तिथं मी राहत होते, खाली भाडेकरू. संध्याकाळी रेडिओवरच्या बाई "नमस्कार" म्हणाल्या की मी पण नमस्कार म्हणायचे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. येमुलांना सांगितलं होतं. नाही, सांगितलं नव्हतं. सांगणार होते.

*

मल्लेशम येमुल. चादरीच्या कारखान्यात डिझाइन मास्तर. आलेखाच्या जाड कागदावर एकेक चौकोन रंगवायचा, त्यावरून पट्ट्यांना भोकं पडतात, पट्ट्या मागावर चढतात, मग चादरीत मोर येतो. सुट्टी गुरुवारी.

"सहा दिवस चौकोन," ते म्हणाले. "एक चुकला तर गावात जितक्या चादरी जातील तितक्या मोरांचा डोळा फुटका. म्हणून गुरुवारी मोजायचं नाही असं ठरवलंय."

ते वाया गेलेल्या डिझाइन कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूला चित्रं काढायचे. पुढे चौक, पाठीमागे चौकोन. उजेडाकडे धरलं की चौकाच्या आतून चौकोन दिसायचे. एक चित्र चार मिनिटांत, फार तर सहा. खोडरबर जवळ नसायचंच. खांब एकदा चुकला की त्याच्या शेजारी दुसरा, तोही चुकला तर तिसरा. मग लांबून बघितलं की त्या तीन चुकलेल्या खांबांमध्ये एक बरोबर खांब उभा दिसायचा आणि वर त्याच्या तारा वाऱ्यानं हलताहेत असं वाटायचं. मला पहिल्यांदा याचा राग आला. चुकांतून बरोबर कसं येतं?

गुरुवारी मी पावणेसहाला तिथं असायची. म्हणजे ऑफिस साडेपाचला सुटायचं आणि वाट तीच होती. म्हणजे वाट ती नव्हती, मी वळसा घालून यायची.

एकदा त्यांनी मला थोटूक दिलं. "काढा."

"काय काढू?"

"बघा आणि हात सोडा."

पाठीवर गवताचा भारा असलेली एक म्हैस चौकात मधोमध उभी होती. तिच्यामागे रिक्षा अडकली होती, रिक्षावाला हॉर्न न वाजवता नुसता कपाळाला हात लावून बसला होता. मी कागदाच्या कडेनं चौकट आखायला घेतली. चारी बाजूंनी अर्धा इंच सोडून.

चौथी बाजू होईपर्यंत म्हैस गेली.

येमुल इतके हसले की शरणप्पा बाहेर आला. "काय झालं बे मल्लेशा?"

"बाईंनी म्हशीला बंगला बांधला. म्हैस म्हणाली मला नको."

मीसुद्धा हसले. घरी जाऊन आरशात पाहिलं, हसल्यावर माझं तोंड कसं दिसतं ते. वाकडं दिसत होतं. हरकत नव्हती.

मग त्यांनी तेच चित्र काढलं, गेलेल्या म्हशीचं. रिक्षावाला एका रेघेत आला. कपाळावरचा हात म्हणजे नुसता एक आकडा, उलट्या सातासारखा. पण तो कंटाळलेला होता. एक रेघ कंटाळते कशी? मी अकरा वर्षांत लाखो रेघा ओढल्या होत्या, त्यांतली एकही कधी कंटाळली नाही, हसली नाही, कुणाची वाट बघत थांबली नाही.

हे मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, "तुमच्या रेघेवर घरं उभी राहतात बाई. माझ्या रेघेवर म्हैसपण टिकत नाही."

*

सप्टेंबरात कारखाना बंद पडायचं नक्की झालं. येमुलांची बायको आणि दोन मुली आधीच भिवंडीला मेहुण्याकडे गेल्या होत्या. आता तेही जाणार.

एका गुरुवारी ते पुठ्ठ्यात घालून एक चित्र घेऊन आले. ते काढताना मी पाहिलेलं नव्हतं. मधला मारुती, शरणप्पाचं हॉटेल, तारा, सायकली, ४१७ नंबरचा खांब तीनदा चुकलेला. डाव्या कोपऱ्यात शेंगाचटणीच्या तेलाचा डाग.

"विणकर मंडळाचा दिवाळी अंक निघतोय. मुखपृष्ठाला हे मागितलंय. पण छापखानेवाला म्हणतो, ब्लॉक करायचा तर काळी शाई पाहिजे, पेन्सिल उठत नाही. माझा हात शाईत चालत नाही. तुम्ही ट्रेसिंगवर उतरवून द्याल?"

"देईन की. पण हेच का? परवाची म्हैस चांगली होती."

"हेच करा."

"कधी काढलं हे?"

"झाले थोडे दिवस." त्यांनी चित्र माझ्याकडे सरकवलं. "मूळ कागदाला हात लावू नका. ब्लॉक झाल्यावर मूळ तुमच्याकडेच राहू द्या. तुम्हालाच आहे ते."

"मला?"

"पुढच्या गुरुवारी संध्याकाळची गाडी आहे," ते म्हणाले. "तोवर होईल ना?"

मी हो म्हटलं. चित्र नळीत घातलं नाही, वळ्या पडल्या असत्या. दोन्ही हातांत आडवं धरून घरी नेलं.

*

हे नीट लिहायला हवं. म्हणजे नीट नको. जसं झालं तसं.

शुक्रवारी मी ट्रेसिंग पेपर लावला आणि चित्र उतरवलं. उत्तम उतरलं. काढून पाहिलं तर चौकाचा नकाशा झाला होता. शनिवारी दुसरा लावला, बारीक निब घेऊन. पुन्हा नकाशा. रविवारी पूर्ण दिवस तिसरा. तारा होत्या, हलत नव्हत्या. सायकली होत्या, उभ्या केलेल्या.

मला वाटलं दोष कागदाचा आहे. पारदर्शक कागदावर रेघ अधांतरी राहते. मूळ कागदावर, त्यांच्या रेघेवरच शाई फिरवली तर खालून जीव येईल.

असं मला वाटलं. आणखी एक वाटत होतं. शेजारी ही दुसरी रेघ ओढते: त्या कागदावर कुठंतरी माझी रेघ असावी असं मला वाटत होतं. ते भिवंडीला जातील, अंक भिवंडीला जाईल, कुणी बघेल, विचारेल हे कुणी केलं, आणि ते म्हणतील दोघांनी. पुढच्या गुरुवारनंतर या गावात मला "नळी आज जड दिसते" असं म्हणणारं कुणी उरणार नव्हतं.

सोमवारी मी मूळ कागद कार्डशीटवर चारी कडांना खळ लावून चिकटवला, आमच्याकडे तसं करायची पद्धत होती. मंगळवारी शाई घेतली. बुधवारी रजा टाकली.

तीन खांबांतला कोणता खरा ते ठरवायला वेळ लागला. मधला धरला आणि पट्टी लावून सरळ केला. आकडा घातला, ४१७. शरणप्पाची पाटी येमुलांनी नुसती नागमोडी रेघ मारून सोडली होती, तिथं मी अक्षरं लिहिली, प्रत्येक अक्षर मोजून. सायकलींची चाकं कंपासनं. डाग पावडरनं फिका केला. शाई वाळली. मग मी खोडरबर घेतलं आणि सवयीनं, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, पेन्सिल खोडून काढली. उरलेले दोन खांब गेले. तारांच्या जादा रेघा गेल्या. खांबाजवळ चार-पाच सुटलेल्या रेघा होत्या, कशाच्या ते कळत नव्हतं, त्याही गेल्या.

कागद स्वच्छ झाला. मी खिडकीशी धरून बघितला. तडवळकर साहेबांना दाखवण्यासारखा होता.

*

गुरुवारी येमुलांबरोबर एक ट्रंक आणि एक वळकटी होती. पायरीवर बसायला जागा नव्हती म्हणून ते ट्रंकेवर बसले. मी पुठ्ठा उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला.

शरणप्पाच पहिला वाकला. "अगाई! आत्ता कसं! माझी पाटी वाचता येते की. 'शरणबसवेश्वर टी हाऊस'. मल्लेशा, इतकी वर्षं काढलास, एकदा तरी नाव लिहिलंस का माझं? बघ बाईंनी कसं लिहिलंय. फ्रेम करतो मी याची."

येमुल बघत होते. एका ठिकाणी त्यांनी अंगठा ठेवला, खांबाच्या बुडाशी, आणि हळूच फिरवला. आंधळा माणूस नाणं बघतो तसा.

"हे ट्रेसिंग नाही," ते म्हणाले.

"नाही. ट्रेसिंगवर जमेना. म्हणून मूळ कागदावरच केलं."

"हं."

"ब्लॉक चांगला उठेल आता."

"उठेल की." अंगठा तिथंच होता. "इथं काही होतं."

"कुठं?"

"खांबाजवळ."

"रेघा होत्या. सुटलेल्या. खोडल्या मी." मी वाकून बघितलं. "कामाच्या होत्या का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही तीन महिने दर गुरुवारी भेटत होतो, पण ते नेहमी चौकाकडे बघत बोलायचे आणि मी कागदाकडे. त्या दिवशी त्यांनी बघितलं, चित्र काढताना बघायचे तसं, चार मिनिटं. चार मिनिटं नसतील. चहा गार झाला नव्हता.

"नाही," ते म्हणाले. "सफाई फार चांगली आहे, बाई."

"खरं सांगा."

"खरंच. खांब शेवटी सरळ झाला."

शरणप्पा म्हणाला, "एवढं चांगलं केलंय तर तोंड काय पाडून बसलाय बे? जा भिवंडीला, तिथं काढ वाकडं."

येमुल हसले. चित्र पुठ्ठ्यात घालून परत माझ्या हातात दिलं. "छापखान्यात तुम्हीच द्या. नंतर ठेवून घ्या. तुम्हालाच म्हटलं होतं."

रिक्षा आली. शरणप्पानं ट्रंक चढवली, मी वळकटी धरली. रिक्षा वळली तेव्हा मी खांबाशी उभी होते. त्यांनी मागे वळून बघितलं की नाही, मला माहीत नाही. माझ्या समोर बस आली.

*

अंक निघाला. मुखपृष्ठावर मधला मारुती, प्रत्येक सायकल उभी. आतल्या पानावर: चित्र, मल्लेशम येमुल, शाई, कु. गिरिजा बिराजदार. दोघांची नावं एका ओळीत होती. मला जे हवं होतं ते झालं होतं. मी अंक भिवंडीला पाठवला. पोस्टकार्ड आलं: "अंक मिळाला. छपाई उठावदार आहे. मुलींना दाखवला. आपला, म. येमुल." मी पत्र लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही. मी दुसरं लिहिलं नाही.

गुरुवारी मी सरळ वाटेनं घरी जायला लागले.

कचेरीत संगणक आले, ट्रेसरची जागा गेली, मला आवक-जावक टेबल दिलं. शरणप्पा गेला, त्याच्या मुलानं मोबाइलचं दुकान काढलं. चौक रुंद झाला, खांब काढले, तारा जमिनीखालून गेल्या. मी निवृत्त झाले. भाऊ म्हणतो पुण्याला ये. जाईन. म्हणते जाईन.

*

मागच्या महिन्यात कपाट आवरताना पुठ्ठा सापडला. पस्तीस-एक वर्षांनी खळ सुटली होती. कार्डशीट हातात आली आणि कागद आपोआप वेगळा झाला.

कडा पिवळ्या पडल्या होत्या. तेलाचा डाग पावडरीला न जुमानता परत वर आला होता, चांगला रुपयाएवढा. सगळ्या कागदावर येमुलांचं एवढंच उरलंय, मला वाटलं.

संध्याकाळ होती. माझ्या खिडकीतून पाच वाजता ऊन आडवं येतं. कागद पालथा करून टेबलावर ठेवला, तर खालच्या बाजूला, रंगवायच्या राहिलेल्या चौकोनांमध्ये, कागद उचललेला दिसला. घाईत दाबून ओढलेल्या पेन्सिलीचे वळ. खोडरबर शिसं नेतं, वळ नेत नाही. हे मला माहीत असायला हवं होतं, धंदाच तो होता माझा.

मी बोट फिरवलं. तीन खांब होते. तिन्ही. तारा होत्या. आणि खांबाच्या बुडाशी त्या चार-पाच रेघा. मी कागद खिडकीकडे धरला आणि डोक्यात उलटसुलट केला.

एक पाठ, थोडी वाकलेली. एक वेणी. पायाशी जमीन दाखवणारी एक आडवी रेघ. आणि काखेत तिरकी, लांब, दोन्ही टोकांना गोल झाकण असलेली एक नळी.

ती बाई वाट बघत होती. कशाची ते दिसत नव्हतं, बसची असेल. पण वाट बघत होती हे पाच रेघांत पुरेसं कळत होतं. डावा खांदा नळीच्या वजनानं उतरला होता. माझा उतरतो. अजून उतरतो.

कागद सुलटा करून पेन्सिल आडवी धरून हलकेच घासली असती तर वळ पांढरे उठले असते आणि ती स्पष्ट दिसली असती. पेन्सिल टेबलावरच होती. मी घासली नाही. ऊन जाईपर्यंत बसून राहिले. नीट बसले नव्हते, खुर्चीच्या कडेवर एका बाजूला कलून बसले होते, कारण तिथूनच ती दिसत होती.

कोपऱ्यात, सहा चौकोन सोडून, येमुलांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: मधला मारुती, ४ मिनिटं, गुरुवार १२ मार्च ८७.

येमुलांशी मी पहिल्यांदा बोलले तो गुरुवार १८ जूनचा.